ब्रेड महागला की हलका झाला?

काल रात्री अकरा वाजता मी ओट्यावर वजनकाटा मांडून ब्रेडचं पाकीट मोजत बसले होते, नवरा म्हणाला बरी आहेस ना. बरीच आहे. झालं काय, माळ्यावर सासूबाईंची 1994 ची हिशोबाची वही सापडली, त्यात बारीक अक्षरात 'मोठा ब्रेड 6 रु., पाव 1 डझन 6 रु.' म्हणजे पाव आठ आण्याला एक. आज आमच्या कोथरूडात पाव 4 रुपयाला एक, सरळ आठपट, आणि मोठा ब्रेड 40, म्हणजे जेमतेम साडेसहापट. मग मी पाव देणाऱ्या बेकरीवाल्या मामांना ऐकवून आले की तुम्हीच लुटताय. ते शांतपणे म्हणाले, "ताई, ब्रेडच्या पाकिटावरचे ग्रॅम वाचा आधी."

वाचले. 350! सासूबाई म्हणतात त्यांचा मोठा ब्रेड 400 चा असायचा. तेव्हा ब्रेड 100 ग्रॅमच्या पटीतच विकायची सक्ती होती, ती नंतर काढली, त्यामुळे पाकीट दिसायला तेवढंच आणि आत दोन स्लाइस कमी. हिशोब केला तर तेव्हा किलोला 15 रुपये आणि आता 114, म्हणजे इथेही साडेसातपट झालेच की!! पाववाल्याने निदान पाटीवरचा आकडा खोडून नवा लिहिला, चारचौघांत शिव्या खाल्ल्या.

गहू महाग झाला हे मान्य, 2022 च्या मार्चमधल्या उन्हाने उत्तरेतलं पीक मारलं, मे महिन्यात सरकारने निर्यात पण बंद केली. पण गव्हाचे भाव उतरले की पाकिटावरचे उतरलेले मी तरी पाहिले नाहीत. आणि 2025 च्या सप्टेंबरात जीएसटी कमी झाला तेव्हा नवरा खूष, आता ब्रेड स्वस्त. अहो, साध्या ब्रेडवर 2017 पासून जीएसटी नव्हताच, 5 टक्के गेला तो पिझ्झा बेसचा.

माझा खरा राग ब्राऊन ब्रेडवर आहे. 55 रुपये, वर गव्हाच्या ओंबीचं चित्र. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, तर आमच्या पाकिटावर पहिलाच मैदा, गव्हाचं पीठ नंतर, आणि शेवटी हळूच कॅरमल कलर. रंगाचे 15 रुपये जास्त! त्यापेक्षा कोरेगाव पार्कातला अडीचशेचा सावरडो ब्रेड मला परवडत नाही पण पटतो, पीठ आंबवायला कोणीतरी अख्खा दिवस घालवलेला असतो.

(मिसळीबरोबर एक्स्ट्रा पाव 15 रुपये घेणाऱ्यांवर वेगळी पोस्ट टाकीन, बीपी वाढतं.)

मामांकडे सकाळी जाऊन सॉरी म्हटलं. त्यांनी गरम लादी कागदात गुंडाळून दिली, काटा माझ्या पिशवीतच होता पण काढायची लाज वाटली. घरी येऊन मोजली मात्र. सहा पाव, 212 ग्रॅम. मग परत हिशोब केला तर किलोला 113, म्हणजे पाकिटापेक्षा फक्त एक रुपया स्वस्त, आणि हे मी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.