मूलानच्या पाठीवरची अक्षरं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘एक जुना वाचक’ अशी सही करून तुम्ही मागच्या लेखाखाली लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. एकदा चिडून आणि एकदा पेन्सिल हातात घेऊन. उत्तर लांबलं, त्याला इलाज नाही.

ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी तुमचे दोन आक्षेप सांगतो. पहिला: चिनी-अमेरिकन लेखिका मॅक्सिन हाँग किंग्स्टन यांच्या ‘द वुमन वॉरियर’ या पुस्तकात मूलान, म्हणजे जुन्या चिनी गाथेतली पुरुषवेशात लढणारी मुलगी, लढाईला निघते तेव्हा आईवडील तिच्या पाठीवर अक्षरं कोरतात. हा प्रसंग मुळात सेनापती युए फेईचा. लेखिकेने दोन कथांची खिचडी केली आणि मी ती ‘परंपरा’ म्हणून वाचकांना वाढली. दुसरा: खोट्या कागदांवर अमेरिकेत शिरलेल्या चिनी माणसांना मी ‘कथेकरी’ म्हटलं, हे तर फसवणुकीचं उदात्तीकरण.

पहिल्या मुद्द्यात चूक माझीच. ‘जुन्या गाथेत असल्याप्रमाणे’ असं मी लिहून बसलो होतो. जुन्या गाथेत तसलं काही नाही. तिथे मूलान मागावर बसून उसासे टाकते, पूर्वेच्या बाजारात घोडा घेते, पश्चिमेच्या बाजारात खोगीर घेते, बारा वर्षं लढते आणि बादशहाने देऊ केलेला हुद्दा नाकारून घरी येते. शेवटी ससा आणि सशीण जोडीने पळताना नर कोण, मादी कोण हे कसं ओळखावं, असा मिस्कील प्रश्न येतो. बस्स.

पण ‘अस्सल’ कथेच्या मागे लागायचं तर तुमच्या युए फेईपासून सुरुवात करू. बाराव्या शतकातल्या या सेनापतीच्या पाठीवर चार निष्ठेची अक्षरं होती, हे चीनच्या सोंग राजवटीच्या इतिहासात आहे. ती आईने कोरली, हे त्यात नाही. आई नंतरच्या कथा-कादंबऱ्यांतून आली आणि आज तिच्याशिवाय ती गोष्ट कुणी सांगत नाही. मूलानचंही तेच. सोळाव्या शतकात शू वेई या नाटककाराने तिला ‘ह्वा’ आडनाव दिलं, बांधलेली पावलं दिली आणि शेवटी नवराही दिला. सतराव्या शतकातल्या एका कादंबरीत तर ती जीव देते. यातल्या कुणी चीनबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी बदललं तर परंपरा, आणि कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावी धोबीखाना चालवणाऱ्यांच्या मुलीने बदललं तर भेसळ, हे मला पटत नाही.

तुमचा आक्षेप नवा नाही. फ्रँक चिन या चिनी-अमेरिकन लेखकाने १९९१ मध्ये लांबलचक निबंध लिहून किंग्स्टनना ‘नकली’ लेखकांच्या रांगेत बसवलं. त्याचा राग अगदीच बिनबुडाचा नव्हता. हे पुस्तक १९७६ मध्ये आत्मकथन म्हणून छापलं गेलं, त्याला ललितेतर गद्याचं पारितोषिक मिळालं, आणि चीनबद्दल काडीचीही माहिती नसलेल्या गोऱ्या वाचकांनी त्यातलं सगळं चीन म्हणून घेतलं. गंमत अशी की फ्रँक चिनचं दैवत क्वान कुंग, म्हणजे तिसऱ्या शतकातला सेनापती क्वान यू. या माणसाचा देव झाला तो कथेकऱ्यांनी शेकडो वर्षं त्याची गोष्ट फुगवल्यामुळेच. तुम्ही मुंबईचे आहात असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. माझगावात त्याचं देऊळ आहे, १९१९ चं. नाव सी यप. ‘सी यप’ म्हणजे चीनच्या क्वांगतुंग प्रांतातले चार तालुके. कॅलिफोर्नियाला गेलेले सुरुवातीचे बहुसंख्य चिनी याच चार तालुक्यांतले. कधी गेलात तर मूर्तीकडे नीट बघा.

आता दुसरा आक्षेप. माझं खरं म्हणणं तिथेच आहे.

१८८२ मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना बंदी घातली. व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी यांना सूट होती. अमेरिकेत जन्मलेला चिनी मात्र नागरिक ठरायचा आणि त्याच्या मुलांनाही येता यायचं. मग १८ एप्रिल १९०६ ला सान फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, आग लागली आणि जन्माच्या नोंदी जळाल्या. आता कुणीही म्हणावं, ‘मी इथलाच’, आणि ते खोडायला कागद नाही. असा माणूस गावी जाऊन परतला की मुलगा झाल्याचं नोंदवायचा. झालेला असो वा नसो. ती जागा पुढे पुतण्याला, भाच्याला किंवा पैसे मोजणाऱ्या परक्याला मिळायची. हे ‘कागदी मुलगे’. कायद्याच्या भाषेत फसवणूक, होय. पण तो कायदा माणसाचा वंश बघून दार लावणारा होता, हे त्याच दमात म्हणायला हवं. तुमच्या प्रतिक्रियेत ते वाक्य मला सापडलं नाही.

सरकारने उत्तर म्हणून उलटतपासणी काढली. १९१० ते १९४० या काळात सान फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल बेटावरच्या ठाण्यात माणसं अडकवून ठेवत. काही जण वर्षाहून अधिक काळ अडकले. दाराला पायऱ्या किती? तांदळाचा रांजण कुठल्या खोलीत? तुमच्या रांगेतल्या तिसऱ्या घरात कोण राहतं? तेच प्रश्न बापाला, तेच साक्षीदाराला. उत्तरं जुळली नाहीत की परतीचं जहाज. म्हणून बोटीवर उत्तरांच्या वह्या पाठ करायच्या आणि बंदर दिसलं की समुद्रात फेकायच्या.

आणि ज्या गोष्टीमुळे मी तो लेख लिहायला बसलो, ती ही: खऱ्या मुलांनाही पाठांतर करावं लागे. बापाला घर सोडून पंधरा वर्षं झालेली, मधे एक खिडकी बुजवलेली, विहिरीवर कठडा आलेला. मुलाने डोळ्यांनी पाहिलेलं खरं सांगितलं तर तो खोटा ठरायचा. त्यामुळे खऱ्यानेही खऱ्याची ठरीव आवृत्ती घोकायची. कोणती गोष्ट खरी, हा प्रश्न तिथे उरतच नव्हता. दोन तोंडांतून एकच गोष्ट निघते का, एवढंच बघितलं जाई.

पुढे काय झालं? बंदीचा कायदा १९४३ मध्ये गेला, पण कागदावरचं आडनाव चिकटून राहिलं. दारी इंग्रजीत एक, घरात चिनीत दुसरं. कबरीच्या दगडावर सुद्धा दोन. पोरांनी विचारलं की आई म्हणे, बाहेर बोलायचं नाही. ‘द वुमन वॉरियर’ची सुरुवातच आईच्या अशा ताकिदीने होते. किंग्स्टन यांच्या १९८० च्या ‘चायना मेन’मध्ये बाप अमेरिकेत कसा आला ते एकदा एका तऱ्हेने येतं, पेटीत लपून क्यूबामार्गे. मग पुन्हा दुसऱ्या तऱ्हेने, एंजल बेटावरून रीतसर. खरी कुठली ते लेखिका सांगत नाही. आणि पुस्तकाच्या मधोमध एक प्रकरण आहे, त्यात फक्त चिन्यांविरुद्धचे कायदे सालवार दिलेत, एकही कथा नाही. अशा घरात वाढलेल्या मुलीकडून मूलानची ‘शुद्ध प्रत’ मागणं म्हणजे, माफ करा, त्या ठाण्यातल्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसणं आहे.

तरी ‘कथेकरी’ हा शब्द मी मागे घेतो. मात्र तुम्ही दिलेल्या कारणासाठी नाही. कथेकरी आपल्या मर्जीने गोष्ट फिरवतो, समोरच्यांना हसवतो, रंगलं तर लांबवतो. या माणसांना एक शब्द इकडचा तिकडे करायची मुभा नव्हती. तिथे कथा रचली ती अडकून पडलेल्यांनी लाकडी भिंतींवर, कविता कोरून. त्यांच्यावर लांबी भरली, रंग फासला, तरी अक्षरं टिकली. १९७० मध्ये इमारत पाडायच्या बेतात होती, तेव्हा एका उद्यानरक्षकाच्या नजरेस ती अक्षरं पडली. बहुतेक कवितांखाली नाव नाही. का नाही, ते आता सांगायला नको.

मूळ लेखातलं ‘जुन्या गाथेत’ काढून टाकलं आहे आणि खाली दुरुस्तीची तारीख घातली आहे. ‘कथेकरी’च्या जागी काय घालावं ते अजून ठरत नाही. सुचलं तर कळवा.