लॅपटॉप उशिरा बंद होतो तेव्हा : एका वाचकाच्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

विंडोजचा लॅपटॉप बंद होण्यास फार वेळ लागत असेल तर काय तपासावे, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून तिचा सारांश आधी देतो. आपले म्हणणे असे की, रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यातील, दोन नोंदी बदलल्या की एका मिनिटात सुटणारा हा प्रश्न मी उगाच लांबवला. 'वेट टू किल सर्व्हिस टाइमआउट' ही नोंद 2000 करावी आणि 'ऑटो एंड टास्क्स' ही नोंद 1 करावी, एवढे पुरते. एवढे करूनही लॅपटॉप अडला तर पॉवरचे बटण दाबून धरावे, त्याने काहीही बिघडत नाही. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम, उघडायला सांगून मी सामान्य वापरकर्त्यांना घाबरवले, आणि फास्ट स्टार्टअप (लॅपटॉप लवकर सुरू करणारी सोय) बंद करण्याचा सल्ला देऊन त्यांचे लॅपटॉप सुरू होतानाच मंद केले. आपण हा उपाय घरी आणि कार्यालयात बऱ्याच ठिकाणी केला असून एक अपवाद वगळता सर्वत्र गुण आला. अपवाद वडिलांच्या जुन्या लॅपटॉपचा. त्याला अजूनही दीड-दोन मिनिटे लागतात, म्हणून तो आता फॉरमॅट करणार असल्याचे आपण लिहिले आहे.

मला या प्रतिक्रियेतला सर्वांत महत्त्वाचा भाग तो अपवादच वाटतो, पण त्याकडे शेवटी येतो.

आधी आकड्यांचा विचार करू. आपण सुचवलेल्या पहिल्या नोंदीतील आकडा मिलिसेकंदांत असतो, आणि बंद होताना पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सर्व्हिसेसना आवरते घेण्यासाठी विंडोज जास्तीत जास्त किती वेळ थांबेल, हे तो ठरवतो. विंडोज एक्सपीमध्ये हा आकडा 20000, म्हणजे 20 सेकंद होता. विंडोज 7 मध्ये तो 12000 झाला आणि विंडोज 8 पासून 5000 आहे. म्हणजे ज्या काळात हा उपाय प्रचारात आला, त्या काळात त्याने खरोखरच 18 सेकंदांपर्यंत बचत होऊ शकत होती आणि तेव्हा तो सांगणाऱ्यांचे काही चुकत नव्हते. आजच्या विंडोज 10 किंवा 11 वर मात्र 5000 चे 2000 केल्याने जास्तीत जास्त तीन सेकंद वाचतात. ज्या लॅपटॉपला बंद होण्यास 90 सेकंद लागतात, त्याला या उपायानंतर 87 सेकंद लागतील. उरलेल्या 87 सेकंदांचे उत्तर या नोंदीत नाही, आणि माझा लेख त्या 87 सेकंदांविषयी होता.

येथे एक गोष्ट आपल्या बाजूने सांगायला हवी. काही सॉफ्टवेअर स्वतःला अधिक वेळ मिळावा म्हणून इन्स्टॉल होताना हाच आकडा बराच वाढवून ठेवतात. तपासल्यावर तेथे 5000 ऐवजी मोठा आकडा आढळला, तर तो परत 5000 करणे योग्यच आहे. पण 5000 हा मूळ आकडा आधीच असताना त्यातही कपात करण्याने हाती फारसे काही लागत नाही, उलट एखाद्या सर्व्हिसला खरोखर चार सेकंद लागत असतील तर तिचे काम अर्धवट तुटते.

मग आपल्याला बहुतेक ठिकाणी गुण का आला? माझ्या मते तो दुसऱ्या नोंदीमुळे आला. बंद होताना विंडोज प्रत्येक उघड्या प्रोग्रॅमला 'मी बंद होत आहे, तुझी हरकत आहे का' असे विचारते. एखाद्या फाइलमधील बदल साठवलेले नसतील तर तो प्रोग्रॅम हरकत घेतो, आणि मग कोणता प्रोग्रॅम अडवतो आहे हे दाखवणारा निळा पडदा येतो. 'ऑटो एंड टास्क्स' 1 केल्यावर तो पडदा येतच नाही, कारण हरकत घेणारा प्रोग्रॅम वापरकर्त्याला न विचारता बंद केला जातो. वेळ वाचतो हे खरे, पण जी सूचना वापरकर्त्याचे काम वाचवण्यासाठी होती, तीच काढून टाकून तो वाचतो. वर्ड आपली पुनर्प्राप्तीची प्रत मुळात दर 10 मिनिटांनी ठेवते, त्यामुळे शेवटच्या काही मिनिटांचा मजकूर गेला तरी बाकीचा सहसा मिळतो. पण प्रत्येक प्रोग्रॅममध्ये अशी सोय असते असे नाही. दिवसभराच्या नोंदी शेवटच्या अर्ध्या तासात करणाऱ्या हिशेबनिसाच्या लॅपटॉपवर ही नोंद 1 करून ठेवणे मला अजिबात मान्य नाही, आणि आपण ती कार्यालयातील लॅपटॉपवर केली असल्याने कृपया ती परत 0 करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ज्यांनी ती मागितली नव्हती, त्यांना स्वतःच्या लॅपटॉपवर असा बदल झाला आहे हेही बहुधा ठाऊक नसेल.

आता त्या 87 सेकंदांकडे येतो. विंडोज व्हिस्टापासून काही सर्व्हिसेसना एक वेगळी सवलत आहे. बाकीच्या सर्व्हिसेसना बंद होण्याचा आदेश जाण्याआधीच त्यांना पूर्वसूचना मिळते, आणि त्यांच्यासाठी थांबण्याची मुदत प्रत्येकीची स्वतंत्र असते. आपण बदललेल्या नोंदीचा या मुदतीशी काहीही संबंध नाही. ज्या सर्व्हिसने स्वतःची मुदत सांगितलेली नसेल तिच्यासाठी पूर्वी तीन मिनिटे थांबले जाई. 2017 च्या क्रिएटर्स अपडेटपासून ही मुदत 10 सेकंदांवर आली. पण जी सर्व्हिस स्वतःची मुदत स्वतः लिहिते, तिला हे 10 सेकंदांचे बंधन नाही. विंडोजचे अपडेट बसवणारी सर्व्हिस या प्रकारात मोडते, आणि ती दीर्घ मुदत घेते ते योग्यच आहे, कारण सिस्टिमच्या फाइली बदलत असताना मध्येच थांबणे हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत महागडा अपघात ठरतो.

दुसरे उदाहरण नोकरदार वाचकांना ओळखीचे वाटेल. पुण्या-मुंबईतील कित्येक जण कंपनीचा लॅपटॉप घरून वापरतात, आणि 'कार्यालयात तो लगेच बंद होतो, घरी मात्र ताटकळत ठेवतो' अशी तक्रार माझ्याकडे वारंवार येते. कंपनीच्या नियमावलीतून, म्हणजे ग्रुप पॉलिसीतून, बंद होताना चालवायच्या स्क्रिप्ट (आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या याद्या) लावलेल्या असतात. त्या पडद्यावर दिसत नाहीत. कंपनीच्या सर्व्हरवर काही लिहिण्याचा किंवा तेथून काही वाचण्याचा त्या प्रयत्न करतात, आणि घरच्या वायफायवरून तो सर्व्हर सापडत नाही. अशा स्क्रिप्टसाठी विंडोज मुळात 600 सेकंदांपर्यंत, म्हणजे तब्बल 10 मिनिटे थांबू शकते. येथे रजिस्ट्रीत हात घालणे हा उपायच नव्हे. आयटी विभागाला कळवणे, किंवा तोवर व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी घरून जोडणारी सुरक्षित जोडणी) जोडलेले असतानाच लॅपटॉप बंद करून फरक पडतो का हे पाहणे, एवढेच करता येते.

पॉवरच्या बटणाविषयी आपण लिहिलेत की काहीही बिघडत नाही. बऱ्याचदा वरवर काही बिघडलेले दिसत नाही, एवढे मी मान्य करतो. बटण चार सेकंदांहून अधिक काळ दाबून धरले की विंडोजला न विचारता वीज तोडली जाते. एनटीएफएस ही फाइलव्यवस्था स्वतःच्या बदलांची नोंदवही ठेवते, त्यामुळे फाइलींची मांडणी सहसा सावरली जाते. पण ती नोंदवही मांडणीची असते, फाइलीतील मजकुराची नव्हे. अर्धा लिहिला गेलेला मजकूर ती पूर्ण करून देत नाही. एसक्यूएल सर्व्हरसारखे डेटाबेस व्यवहारांची स्वतंत्र नोंद ठेवत असल्याने पुढच्या वेळी सुरू होताना बहुधा स्वतःला सावरतात, पण साध्या फाइलींत माहिती ठेवणाऱ्या लहान प्रोग्रॅमना ते जमत नाही. एनव्हीएमई या जलद प्रकारच्या एसएसडी (फिरते भाग नसलेल्या डिस्क) तर अशा प्रत्येक तुटीची मोजदाद ठेवतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची प्रकृती दाखवणारा प्रोग्रॅम उघडला तर 'अनसेफ शटडाउन्स' या नावाने तो आकडा दिसतो. आपल्या लॅपटॉपवर तो किती आहे, हे एकदा जरूर पाहावे.

इव्हेंट व्ह्यूअरबद्दलचा आपला आक्षेप मला गंभीर वाटतो. तेथे लाल आणि पिवळ्या खुणांच्या शेकडो नोंदी अगदी निरोगी लॅपटॉपवरही असतात. फोनवरून 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' असे सांगून फसवणारे लोक त्याच नोंदी दाखवून भीती घालतात, हेही खरे आहे. म्हणूनच मी लेखात सगळा इव्हेंट व्ह्यूअर वाचायला सांगितलेले नव्हते, तर त्यातील एकच कप्पा सांगितला होता : ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स आणि शेवटी ऑपरेशनल. या कप्प्यात 200 क्रमांकाच्या नोंदीत बंद होण्यास लागलेला वेळ मिलिसेकंदांत असतो. 201 मध्ये उशीर करणाऱ्या प्रोग्रॅमचे, 202 मध्ये उपकरणाचे आणि 203 मध्ये सर्व्हिसचे नाव येते. बाकीचे काही वाचू नये. नाव मिळाले की काम बरेच सोपे होते. एका परिचितांच्या लॅपटॉपवर 203 मध्ये सतत एकाच प्रिंटरच्या सर्व्हिसचे नाव येत होते. तो प्रिंटर त्यांनी कधीच विकून टाकला होता, पण त्याचे सॉफ्टवेअर राहिले होते. ते काढले आणि प्रश्न संपला. कोणताही आकडा बदलावा लागला नाही.

आपला रजिस्ट्रीवर हात बसलेला आहे, तर आणखी एक नोंद सुचवतो, जी काहीही तोडत नाही. एचकेएलएम (रजिस्ट्रीतील 'एचकी लोकल मशीन' हा विभाग) यातील सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, पॉलिसीज, सिस्टिम या वाटेने जाऊन तेथे 'व्हर्बोज स्टेटस' नावाची डीवर्ड प्रकारची (आकडा साठवणारी) नोंद करून ती 1 करावी. मग बंद होताना नुसते 'शटिंग डाउन' न दिसता विंडोज त्या क्षणी काय करत आहे, ते पडद्यावर लिहून येते. नेमके कोठे अडते हे डोळ्यांनी पाहता येते. माझ्या मते, वेळेची मर्यादा कापणाऱ्या नोंदींपेक्षा ही एक नोंद लोकांना सांगण्यासारखी आहे.

फास्ट स्टार्टअप कायमचे बंद ठेवावे असे मी लिहिलेले नाही. ते तपासणीपुरते बंद करावे, असे लिहिले होते. विंडोज 8 पासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद होणे राहिलेले नाही. वापरकर्त्याचे सत्र मिटते, पण विंडोजच्या गाभ्याची स्थिती हायबरफिल नावाच्या फाइलीत लिहून ठेवली जाते, म्हणजे पुढच्या वेळी सुरू होणे जलद होते. 'रीस्टार्ट' मात्र हे करत नाही. त्यामुळे एक सोपी परीक्षा मिळते : रीस्टार्ट करताना लॅपटॉप लवकर मिटत असेल आणि शट डाउन करतानाच ताटकळत असेल, विशेषतः पडदा काळा होऊनही दिवा आणि पंखा चालू राहत असेल, तर सर्व्हिसेस निर्दोष आहेत आणि संशय हायबरफिलवर किंवा एखाद्या ड्रायव्हरवर (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) जातो. सेटिंग बदलायचे नसेल तर शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन निवडावे, त्या एका वेळेपुरते ते पूर्ण बंद होते. एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर फास्ट स्टार्टअपने वाचणारा वेळ थोडाच असतो, पण हार्ड डिस्कवर तो जाणवण्याइतका असतो, आणि तेथे ते चालू ठेवावे या आपल्या मताशी मी सहमत आहे.

आता आपल्या वडिलांचा लॅपटॉप. तो फॉरमॅट करण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, 'क्लिअर पेज फाइल ॲट शटडाउन' ही नोंद. ती एचकेएलएममधील सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, सेशन मॅनेजर, मेमरी मॅनेजमेंट येथे असते. सुरक्षिततेचा उपाय म्हणून ती पुष्कळदा 1 केली जाते, आणि मग प्रत्येक वेळी बंद होताना पूर्ण पेज फाइल, म्हणजे मेमरी अपुरी पडल्यास विंडोज डिस्कवर वापरते ती फाइल, शून्यांनी भरली जाते. पेज फाइल 8 जीबीची असेल आणि जुनी हार्ड डिस्क सेकंदाला 100 एमबीच्या आसपास लिहीत असेल, तर एवढ्यानेच सुमारे 80 सेकंद जातात. आपण सांगितलेल्या दीड-दोन मिनिटांतील बराच भाग यातच निघू शकतो. घरच्या वापरासाठी ती 0 असली तरी चालते.

दुसरी गोष्ट अधिक तातडीची आहे. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये त्या हार्ड डिस्कच्या 05 आणि सी5 या क्रमांकांच्या ओळी पाहाव्यात. पहिलीत बदलून टाकलेल्या खराब जागांची आणि दुसरीत वाचता न आल्याने अडकून पडलेल्या जागांची संख्या असते. सी5 शून्य नसेल, तर डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचण्याच्या प्रयत्नात वेळ घालवत असण्याची शक्यता आहे, आणि बंद होतानाचा उशीर हे त्याचे एक लक्षण असू शकते. अशा डिस्कवर फॉरमॅट करून विंडोज पुन्हा बसवण्यात एक दिवस जाईल आणि दोष तसाच राहील. त्याऐवजी वडिलांची छायाचित्रे, कागदपत्रे आणि बँकेचे जे काही असेल ते आजच बाहेरच्या डिस्कवर घ्यावे, त्या लॅपटॉपचे पॉवरचे बटण तोवर दाबून धरू नये, आणि हार्ड डिस्क काढून तिच्या जागी साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी बसवावी. दोन्ही आकडे शून्य निघाले आणि पेज फाइलची नोंदही 0 असली, तर 202 आणि 203 क्रमांकांच्या नोंदींत कोणाचे नाव येते ते येथेच लिहावे. त्यावरून पुढे काय करायचे ते मी सांगू शकेन.