सरसेनापती बंड्या आणि रसाचे पैसे

"अजून आठ दिवस चालवायला पाहिजे होतं!" वड्याबरोबरची मिरची चावत बंड्यानं जाहीर केलं. ऑपरेशन सिंदूर चालू असताना, २०२५ च्या ८ मेच्या रात्री टीव्हीवाल्यांनी कराची बंदर उडवलं, तेव्हापासून हा गडी साताऱ्यातल्या पोवई नाक्याचा सरसेनापती. सकाळी कराची जागेवरच असल्याचं कळलं, पण ह्यानं काही राजीनामा दिला नाही.

"तू जाणार होतास का त्या आठ दिवसांत?" सुन्यानं विचारलं.

"मी टॅक्स भरतो."

"आधी गणपतीची वर्गणी भर," मास्तर.

सुन्या अपशिंग्याचा, फौजींचं गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिलिटरी अपशिंग्याचा. चुलतभाऊ सुट्टीवर आला होता, त्याला माघारी बोलावलं. "त्याची पोरगी ट्रंकेवर बसून राहिली, उठंना. शेवटी उचलून बाजूला ठेवली. ती बातमी कुठल्या चॅनेलला होती रे?"

"अभिमान वाटायला पाहिजे तिला!"

"पाच वर्षांची आहे लेका. मला विचार. १९९९ ला वडील कारगिलला. पत्ता एकच, ५६ एपीओ, म्हणजे लष्कराचं पोस्ट. माणूस नेमका कुठंय ते ना पोस्टमनला माहीत, ना आईला. पत्र आलं की आई आधी तारीख बघायची. पंधरा दिवसांपूर्वीचं असलं, तर पंधरा दिवसांपूर्वी धडधाकट होते, एवढंच कळायचं. पोस्टमन गल्लीत दिसला की मोरीत जाऊन भांडी घासायची. घासलेलीच."

"पण अभिमान..."

"वाटायचा की. १५ ऑगस्टला वाटायचा. गॅदरिंगला नाही वाटायचा. आणि ते परत आले तेव्हा मी आजीमागं लपलो. रात्री उठून कड्या तपासत फिरायचे. अजून दिवाळीला आतल्या खोलीत बसतात."

बंड्या क्षणभर गप्प. (हे दुर्मीळ आहे, म्हणून नोंदवून ठेवतो.)

मास्तरांनी मग पोगरवाडीच्या कर्नल संतोष महाडिकांचा विषय काढला. २०१५ ला काश्मीरमध्ये कुपवाड्यात लढताना शहीद झाले, आणि २०१७ ला पत्नी स्वाती महाडिक स्वतः लेफ्टनंट झाल्या.

"बघा! याला म्हणतात जिगर!" सरसेनापती पुन्हा फॉर्मात.

"बाईंना सलामच आहे," सुन्या म्हणाला. "पण त्या लेकरांकडं आता आईपण सुट्टी मिळंल तेव्हाच येणार. जिगर त्यांची पण मोज. आमच्या गावात पहिल्या महायुद्धातल्या ४६ जणांचं स्मारक आहे. मागं राहिलेल्या बायकापोरांचं कुठंय?"

"तू लष्कराच्या विरोधात बोलतोयस!"

"मी घरच्यांच्या बाजूनं बोलतोय. तुला लष्कराचं एवढं प्रेम, तर भरतीला काय झालं होतं?"

मास्तरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. आता मजा होती.

"पाय मुरगळला होता माझा," बंड्या.

"सोळाशे मीटरला दुसऱ्या फेरीत मुरगळला आणि तसाच चालत रसवंतीत गेला. दोन ग्लास प्यायला. पैसे मी दिलेत."

"देतो की! व्याजासकट देतो!"

तेवढ्यात वडेवाल्यानं वही उघडली. "आजचे पण त्यातच मांडू का, साहेब?"