भाकरीचं पीठ तोलताना

अण्णांचा फोन आला की पाऊसपाण्याच्या आधी साखरेचा आकडा येतो. "आज एकशेब्याऐंशी." मी इकडे लेस्टरमध्ये मनातल्या मनात अठरानं भागतो, १०.१. इंग्लंडात रक्तातली साखर मिलिमोलमध्ये सांगतात, आमच्या सांगलीच्या तासगावाकडं मिलिग्रॅममध्ये. गेली तीन वर्षं आम्हा बापलेकांच्या बोलण्यात हा भागाकार आहेच. तीन वर्षांपूर्वी माझाही आकडा आला. चाळिशीनंतर दर पाच वर्षांनी इथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, जी तपासणी करते, तिच्यात माझं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचं माप, ४४ निघालं, आपल्या हिशेबात ६.२ टक्के. ४८ ला, म्हणजे ६.५ टक्क्यांना मधुमेह धरतात. मी उंबऱ्यावर होतो, अण्णा पंधरा वर्षांपासून घरात आहेत.

गावाकडच्या फॅमिली ग्रुपवर या विषयावर रोज वाद असतो आणि तो फिरून फिरून एकाच जागी येतो: दोनदा जेवायचं की थोडं थोडं सारखं खायचं? डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढं नेत डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलं की दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवा, मध्ये काही खाऊ नका, कारण तोंड हललं की रक्तातली साखर पेशींत नेणारं इन्सुलिन सुटतं. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं म्हणणं, उपाशी राहू नका, दर दोन-तीन तासांनी थोडं खा, आजीच्या हातचं, आपल्या मातीतलं खा. २०१८ च्या आसपास महाराष्ट्रात घराघरांत दोन तट पडले होते. आमच्या घरी ते अजून आहेत. थोरले चुलते दीक्षितांचे, आत्या दिवेकरांची.

मला दोन्हींतलं काही ना काही पटतं. सारखं चरणं थांबलं की पोट सुटणं थांबतं हे खरं, आणि पाकिटातल्यापेक्षा आजीचं बरं हेही खरं. पण इतक्या वर्षांच्या भांडणात आमच्या घरातल्या एकानंही ताटात किती काय पडतंय ते मोजलं नाही, आणि गोळ्यांचं काय करायचं ते विचारलं नाही.

दुसऱ्या गोष्टीनं गेल्या एप्रिलात आमच्या तोंडचं पाणी पळवलं. द्राक्षाच्या बागेत खरडछाटणी चालू होती. ग्रुपवर आलेला एक लांबलचक फॉरवर्ड वाचून अण्णांनी सकाळची न्याहारी बंद केली होती. सातला चहाही नाही. गोळ्या मात्र वेळच्या वेळी, कारण "गोळी चुकवायची न्हाई असं डाक्टरांनी बजावलंय." त्यांच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात काही आहे का नाही ते बघत नाही. अकराच्या सुमाराला अण्णा वेलीखाली बसले. दरदरून घाम, हात लटपटतायत, आणि छाटणीला आलेल्या बायकांना नुसतं विचारतायत, "आज बाजार हाय का?" त्यातल्या एका मावशीच्या घरी शुगरचा माणूस होता. तिनं पिशवीतल्या गुळाचा खडा त्यांच्या तोंडात कोंबला, वर पाणी पाजलं. दहा मिनिटांनी भावानं घरून मशीन आणून बोट टोचलं, तेव्हा ५४, म्हणजे साखर फारच खाली. गूळ पोटात गेल्यावरचा आकडा हा.

मी दोनदा जेवण्याला दोष देत नाही आणि त्या डॉक्टरांना तर नाहीच नाही. दोष आमचा. जेवण बदललं तर गोळ्याही बदलाव्या लागतात, हे एक वाक्य आमच्या घरात कुणाच्याच तोंडी नव्हतं. तुमच्या घरात कुणी असल्या गोळ्यांवर किंवा इन्सुलिनवर असेल, तर उद्यापासून उपास धरायच्या आधी डॉक्टरांकडं जा. ग्रुपवर नंतर लिहा.

इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे काय, हे मला आमच्या जमिनीवरून लवकर कळलं. कृष्णाकाठची काळी रानं उसाला पाणी पाजून पाजून क्षारपड झाली. पाटाला पाणी कमी नव्हतं, वाजवीपेक्षा जास्त होतं, वर्षानुवर्षं. शेवटी जमीन पाणी घेईना, मीठ वर आलं. तसंच इथं. पेशींभोवती इन्सुलिन असतं, पण लिव्हरात आणि स्नायूंत चरबी साठून पेशी त्याला दाद देईनाशा होतात. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, जसं वाफा भिजेना म्हणून आम्ही आणखी मोटर चालवायचो. क्षारपड रानाला खत घालून उपयोग नसतो, आधी निचरा काढावा लागतो, जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून.

आहारानं करायचा तो हाच निचरा. न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी २०१७ मध्ये 'डायरेक्ट' या चाचणीचे निकाल मांडले. टाइप २ होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या माणसांना तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरी, त्याही सूप आणि शेकवर. वर्षाअखेरीस ४६ टक्के माणसं गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या आकड्याखाली होती. १५ किलो किंवा जास्त उतरलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के. पुढं वजन परत आलं तसा मधुमेहही परत आला, पाच वर्षांनी थोडेच टिकून राहिले. तरीही लिव्हरातली चरबी उतरली की शरीर पुन्हा दाद देतं, एवढं त्यातून नक्की झालं.

"पण आपण कुठं जाडे आहोत?" आत्या विचारते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपण बारीक दिसतो आणि चरबी पोटात आत असते. म्हणून तर इथं आपल्या लोकांसाठी वजनाची धोक्याची रेघ गोऱ्यांपेक्षा खाली ओढतात.

आता मोजण्याचं. उंबऱ्यावरच्या लोकांसाठी इथं नऊ महिन्यांचा एक वर्ग असतो. तिथल्या बाईंनी मला विचारलं, तुमच्या भाकरीत कार्बोहायड्रेट किती? मला सांगता येईना. चाळीस वर्षं भाकरी खाल्ली आणि सांगता येईना. बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानातून 'जुवारनो लोट' आणला, बायकोला म्हटलं नेहमीसारखी थाप, आणि प्रत्येक गोळ्याचं पीठ तोललं. एका भाकरीला ८० ग्रॅम. त्यात पिष्ट धरा ५५ ग्रॅम, म्हणजे अकरा चमचे साखरेइतकं. ते साखरेपेक्षा सावकाश उतरतं, सोबत तंतू असतात, म्हणून ज्वारी मला मैद्याच्या पावापेक्षा कधीही प्यारी. पण अण्णा चहातली दोन चमचे साखर सोडून "गोड बंद केलं" म्हणत होते आणि रात्री तीन भाकऱ्या, वर आमटी-भात. खपलीचंही तसंच. खपली चांगला गहू आहे, पण चार चपात्या त्या चारच. आणि गुळाच्या चहाच्या पाट्या तर मला बघवत नाहीत. गूळ म्हणजे बहुतांश साखरच. तो मावशीच्या पिशवीत होता तेव्हा त्यानं माझा बाप वाचवला, कारण तो साखरेसारखा झरझर चढतो. रोजच्या चहात तो तसाच चढणार.

मग मी पदरचे पैसे घालून दंडाला सारखी साखर मोजणारा चौदा दिवसांचा सेन्सर लावला. संकष्टीची साबुदाण्याची खिचडी: १२.४, म्हणजे २२३. कांदेपोहे मोठी ताटली: ११.२. आधी काकडीची कोशिंबीर, मग वाटीभर मटकीची उसळ, शेवटी अर्धी भाकरी: ७.९. त्यानंतर वीस मिनिटं चालून आलो तर त्याहून खाली. हे माझ्या एकट्याच्या अंगाचे आकडे, तुमचे वेगळे येतील. पण तीच भाकरी आधी खाल्ली आणि शेवटी खाल्ली यातला फरक डोळ्यांनी बघितला की फॉरवर्डची गरज उरत नाही.

इंग्लंडचं सगळं भलं आहे असं मी सांगणार नाही. इथल्या दुकानांत भाजीपेक्षा पाकिटं जास्त, ताज्या घेवड्याला आणि हुलग्याला मी तरसतो. आईच्या शेंगोळ्यांची आणि कारळ्याच्या चटणीची बरोबरी सूपचं पाकीट करू शकत नाही. खायचं काय, याचं उत्तर सांगलीकडं आहे. सांगलीकडं नाही ते बोलावणं. माझ्या शेजाऱ्याला मधुमेह आहे. त्याला सरकारी पत्र येतं: डोळ्यांचा पडदा दाखवा, पाय दाखवा, लघवी द्या. गोळ्या त्याला फुकट. अण्णांना पंधरा वर्षांत बूट-मोजे काढायला कुणी सांगितलं नव्हतं. तिशीवरच्या माणसांची उपकेंद्रावर साखर तपासायचा कार्यक्रम आपल्याकडंही आहे. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०२३ च्या पाहणीत देशात १० कोटींवर मधुमेही निघाले. एवढ्यांची एकदाच साखर तपासून भागणार नाही, पुन्हा बोलावणारं कुणीतरी हवं.

आणि उसाचं. इथं २०१८ पासून शीतपेयांतल्या साखरेच्या प्रमाणावर कर आहे, त्या धाकानं कंपन्यांनी साखर कमी केली. आपल्याकडं शीतपेयांवर कर जबर आहे, पण तो साखर किती यावर ठरत नाही. आमच्या जिल्ह्यात हे बोलणं अवघड, मला माहीत आहे. माझी फी उसाच्या बिलातून भरली गेली, दिवाळीला सभासदाची साखर घरी पोत्यानं यायची. उसाशी माझं वैर नाही. मी एवढंच मागतो की रेशनवर ज्वारी नेहमी यावी. अन्नसुरक्षा कायद्यात २०१३ पासून भरडधान्याची सोय आहे, तेव्हा दर १ रुपया किलो लिहिला होता. जत-आटपाडीच्या माणसाच्या घरात रेशनचा येतो तो मुख्यतः गहू-तांदूळ आणि त्याच्या रानातला शाळू बाजारात महाग विकला जातो. त्याला भाकरी खा म्हणून सांगायला मला तोंड नाही.

अण्णांची गोळी डॉक्टरांनी बदलली. न्याहारीला आता मुगाचं धिरडं. बेदाण्याच्या हिशेबाच्या जुन्या वहीत मागच्या पानापासून ते आकडे लिहितात, उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी. परवा फोनवर १२६ आणि १६८ सांगितले, मी भागलं, ७ आणि ९.३. मग मागून आईचा आवाज आला, "त्याला इचार, तीनशे ग्रॅम पिठाच्या किती भाकऱ्या करू? तराजू आणलाय."

मी म्हटलं, "सहा कर. पण अण्णांना आधी उसळ वाढ."