आवडतं पुस्तक शेअर करताय? आधी कप नीट ठेवा

पुस्तकाचा फोटो टाकायचा तर ते वाचलेलं असायलाच हवं हा जुनाट गैरसमज पहिल्यांदा डोक्यातनं काढून टाका. खिडकीपाशी उजेड बघा, शेजारी चहाचा कप, चष्मा असेल तर तोही (नंबरचा नसला तरी चालतो), आणि बुकमार्क साधारण निम्म्याच्या जरा पुढे, कारण अगदी सुरुवातीला खोचला तर आत्ताच उघडलंय हे कळतं आणि शेवटाला खोचला तर लोक शेवट कसा वाटला विचारतात.

आता पुस्तक कुठलं? रिस्क घेऊ नका. ययाती १९५९ ची, कोसला १९६३ ची, मृत्युंजय १९६७ ची, तरी 'नुकतीच हाती लागली आणि हादरलो' असं बिनधास्त लिहा, लाइक्स येणारच. उगाच मागच्या वर्षी आलेल्या कुणा नवीन मुलीच्या कथासंग्रहाबद्दल लिहायला जाल तर लोक विचारतील ह्या कोण, कथा कशाबद्दल आहेत, आणि मग बसा वाचत. शिवाय मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपता संपत नाही, हल्ली तर पुष्कळदा पाचशेच काढतात, त्यातली एक तुम्ही उचललीत तर त्या प्रकाशकाला उद्या दुसरी आवृत्ती काढायचा ताप!

दुकानांचं मात्र नीट समजून घ्या, तिथे खरी कला आहे. समजा पुण्यात अप्पा बळवंत चौकात गेलात (जूनमध्ये नको, तेव्हा तिथे हातात शाळेची यादी घेतलेले पालक असतात आणि गाईडांपलीकडे काही दिसतच नाही). गाडी लावायला जागा मिळणार नाही, उचलून नेली तर तो दंड पुस्तकांच्या खर्चात धरा म्हणजे वर्षाचं बजेट तिथेच संपतं. मग आत जाऊन काकांना सगळ्यात वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला सांगायचं, ते स्टुलावर चढतात, खाली येतात, फडक्याने धूळ पुसून देतात, की तुम्ही मागच्या कव्हरवरच्या किमतीचा फोटो काढा आणि तिथेच काउंटरवर रेलून ऑनलाइन कितीला पडतंय ते बघा. काका न मागता दहा टक्के कमी करतात. तुम्ही तीस मागा. नाहीच म्हणाले तर "बघतो, येतो परत" म्हणून निघा, पण निघण्याआधी कपाटांसमोर सेल्फी विसरू नका, खाली 'अशी दुकानं जगली पाहिजेत'.

एकच सावधगिरी. काही दुकानांत एखादा जुना माणूस असतो जो विचारतो, आधी काय काय वाचलंय तुम्ही? आणि तुम्ही सांगेपर्यंत आतून एक पातळसं, कव्हरवर धड चित्रही नसलेलं पुस्तक आणून हातात ठेवतो ज्याचं नाव तुमच्या फीडमध्ये कधीच आलेलं नसतं. घेऊ नका. घेतलंत तर रात्री दोनपर्यंत जागाल आणि फोटो काढायचा राहून जाईल.

पोस्टमध्ये दुकानाचं नाव तर अजिबात देऊ नका. 'शहरातला माझा गुपित कोपरा' एवढंच. कुणी कुठे म्हणून विचारलं तर 'इनबॉक्स बघा' म्हणा आणि इनबॉक्समध्ये काही टाकू नका. पत्ता दिला तर लोक जातील, लोक गेले तर दुकान चालेल, आणि चालणाऱ्या दुकानावर श्रद्धांजली कशी लिहिणार? पुण्यात कॅम्पातलं मॅनीज २०१२ ला बंद झालं, मुंबईत फोर्टमधलं १९४८ पासूनचं स्ट्रँड २०१८ ला, तेव्हा 'एक युग संपलं' लिहिणारे किती होते ते आठवा. तोच मजकूर ड्राफ्टमध्ये सेव्ह करून ठेवा, फक्त नाव बदलायचं.

पीडीएफचं सांगायलाच नको, ती सगळ्या ग्रुपांत पाठवा, वाचनसंस्कृती म्हणतात ती हीच. स्कॅन वाकडी असेल, मधल्या पानांवर कुणाचा तरी अंगठा असेल, चालवून घ्या. कुणी कॉपीराइटचा विषय काढलाच, म्हणजे लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो, ययातीवाले खांडेकर १९७६ ला गेले म्हणजे २०३६ संपेपर्यंत थांबा वगैरे, तर 'ज्ञान विकायचं नसतं' म्हणून गप्प करा. मग २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलला पुस्तक दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, तिन्ही दिवशी 'मराठी वाचक कुठे गेला?' असा खडा सवाल करायला तुम्ही मोकळे. २०२४ पासून भाषा अभिजात झालीये, तेही जोडा. सवड झाली तर भिलारला जाऊन या, पुस्तकांचं गाव, २०१७ पासून लोकांच्या घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, कुणीही जाऊन बसावं, वाचावं. पाटीसोबत फोटो घ्या आणि स्ट्रॉबेरी खाऊन परत या.

आणि एवढं करूनही कुणी भाबडा खाली लिहितोच, "दादा, दोन दिवस वाचायला द्याल का?" त्याला सांगा की माझी कॉपी नाशिकला ताईकडे गेलीये. तोच फोटो पुढच्या महिन्यात परत टाकायचा असेल तर आधी त्याला ब्लॉक करा.