तारे बघून कोर्स निवडू नका

ऑनलाइन कोर्स शोधणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगावंसं वाटतं: कोर्सची तुलना करून देणाऱ्या साइट जरूर वापरा, पण शेवटची निवड तिथल्या ताऱ्यांवर, म्हणजे शिकलेल्यांनी पाचपैकी दिलेल्या रेटिंगवर, सोडू नका.

या साइट हव्यातच. २०११ मध्ये स्टॅनफर्डने कृत्रिम बुद्धिमत्ता, मशीन लर्निंग (संगणकाला माहितीवरून शिकवणं) आणि डेटाबेस असे तीन कोर्स जगभर मोफत खुले केले. त्यातल्या एकट्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कोर्सला दीड लाखाहून जास्त लोकांनी नावं नोंदवली. त्याच वर्षी धवल शाह यांनी अशा मोफत कोर्सची एक यादी करून नेटवर टाकली. तीच आजची क्लास सेंट्रल ही कोर्सची तुलना करून देणारी साइट. तेव्हा सगळी यादी एका पानावर मावत होती. पुढच्याच वर्षी युडॅसिटी, कोर्सेरा, एडएक्स हे ऑनलाइन कोर्स देणारे मंच सुरू झाले, आणि आता नुसतं 'पायथन' (एक प्रोग्रामिंग भाषा) लिहिलं तरी निकालांची रास पडते. ती उपसायला फिल्टर लागतातच.

पण फिल्टर लावून दहा-बारा कोर्स उरले की आपण करतो काय? ४.८ आणि ४.६ मधला फरक बघत बसतो. हे तारे दिले कोणी, हे विचारतच नाही. एडएक्सवरच्या एमआयटी आणि हार्वर्डच्या कोर्सची अनेक वर्षांची आकडेवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आली होती. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी कोर्स उघडलासुद्धा नव्हता. २०१७-१८ मध्ये कोर्स पूर्ण करणारे होते ३ टक्क्यांच्या आसपास. प्रमाणपत्रासाठी पैसे भरणाऱ्यांत हे प्रमाण बरंच जास्त होतं, तरी निम्म्याच्या आतच.

म्हणजे शेवटपर्यंत पोचून अभिप्राय लिहिणारे मूठभर. शिवाय काही ठिकाणी पहिले थोडे व्हिडिओ झाले की लगेच रेटिंग मागतात. तेव्हा माणूस शिक्षकाच्या बोलण्यावर खूश असतो, गृहपाठ अजून सुरू व्हायचा असतो. तिसऱ्या आठवड्यात अडकून ज्याने कोर्स सोडला, त्याचा अनुभव मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला असता. तो कुठेच नोंदलेला नसतो.

मग बघायचं काय? माझं उत्तर एकच: गृहपाठ. संख्याशास्त्राचे दोन कोर्स घ्या. दोन्हींच्या पानावर संभाव्यता, वितरणं, गृहीतक-चाचणी असे तेच विषय, तेवढेच तास, पातळी 'बिगिनर'. तुलनेच्या तक्त्यात दोन्ही जुळे भाऊ दिसतील. आत जाऊन बघा. एकात प्रत्येक व्हिडिओनंतर चार पर्यायांतून एक निवडायचा आणि पुढे जायचं. दुसऱ्यात खरीखुरी फाइल हातात देतात, तिच्यात काही रकाने रिकामे असतात, काही आकडे उघड चुकीचे असतात. ती साफ करून तुमचा निष्कर्ष चार ओळींत लिहायला सांगतात. हे काम जमलं तर संख्याशास्त्र हाताला लागतं. हा फरक दाखवणारा फिल्टर मला अजून कुठे सापडलेला नाही.

गृहपाठ तपासतो कोण, हेही तितकंच महत्त्वाचं. प्रोग्रामिंगमध्ये संगणक कोड चालवून लगेच चूक-बरोबर सांगतो, तिथे ते पुरतं. लेखनाच्या किंवा डिझाइनच्या कोर्समध्ये बहुतेकदा तुमच्याबरोबर शिकणारेच एकमेकांचं काम तपासतात. तुकडीत हालचाल नसेल तर तुमचं काम कोणी वाचतच नाही. म्हणून चर्चेच्या पानावर शेवटचा प्रश्न कधी पडला आणि त्याला उत्तर मिळालं का, हे मी आधी बघते.

नोंदणीचे मोठाले आकडेही जपून वाचा, कारण ते वर्षानुवर्षं साचत जातात. स्टॅनफर्डचे प्राध्यापक अँड्र्यू एन्ग यांच्या मशीन लर्निंगच्या जुन्या कोर्सला लाखो लोकांनी नावं नोंदवली होती. कोर्स उत्तमच होता, पण त्यातला गृहपाठ ऑक्टेव्ह या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत करायचा होता. त्या क्षेत्रातलं काम एव्हाना पायथनकडे सरकलं होतं. पायथनमधली नवी आवृत्ती २०२२ मध्ये आली.

'मोफत' या खुणेचं तसंच. कुठे सगळं खुलं असतं, कुठे व्हिडिओ दिसतात पण गुण मिळणारा गृहपाठ बंद असतो. एडएक्सच्या बऱ्याच कोर्समध्ये मोफत प्रवेशाला मुदत असते. शिवाय तुम्ही तुलनेच्या साइटवरून जाऊन पैसे भरलेत तर काही साइटना कमिशन मिळतं. त्यात गैर काही नाही, पण यादीचा क्रम कशावरून लागलाय हे बघून घ्या.

आणि शोधताना विषयाच्या नावापेक्षा अडलेलं काम लिहा. 'डेटा सायन्स' लिहिलंत तर समुद्र समोर येईल. 'दोन तक्ते जोडून दर महिन्याचा अहवाल काढणं' असं लिहिलंत तर कदाचित चार तासांचा एक छोटा कोर्स सापडेल, आणि तुमची गरज तेवढीच असेल.

एक विनंती आहे. कोर्स अर्धवट सोडलात तरी अभिप्राय लिहा. कितव्या आठवड्यात सोडला, कोणता गृहपाठ अडला, आधी काय येत असतं तर निभावलं असतं, एवढं दोन ओळींत लिहा. तुमच्याकडे असे अनुभव असतील तर कोर्सच्या नावासकट इथे कमेंटमध्येही टाका, मी ते सगळे एका ठिकाणी जमवते आहे.