‘फक्त 6 टक्के कार्यालयात येतात’: हा आकडा टिकत नाही

‘अमेरिकी केंद्र सरकारचे फक्त 6 टक्के कर्मचारी रोज कार्यालयात येतात.’ डिसेंबर 2024 मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या सिनेटर जोनी अर्न्स्ट यांच्या अहवालातून हा आकडा गाजला. सरकारी खर्चकपातीसाठी ट्रम्प यांनी निवडलेले उद्योगपती इलॉन मस्क यांनी तर सुरक्षारक्षक आणि देखभाल कर्मचारी वगळून तो 1 टक्क्याच्या जवळ नेऊन ठेवला.

आकडा आला कुठून? सरकारी कामकाजाच्या बातम्या देणाऱ्या ‘फेडरल न्यूज नेटवर्क’च्या ऑनलाइन प्रश्नावलीतून. ज्याला वाटेल त्याने भरायची. सहा हजारांवर लोकांनी भरली. ज्यांना घरून कामाची चिंता, तेच अशी प्रश्नावली उघडतात. वॉर्डात ड्यूटीवर असलेली नर्स कशाला उघडेल? असा नमुना सगळ्या नोकरवर्गाला लावताच येत नाही.

साधा हिशेब करा. 2024 मध्ये एकूण कर्मचारी होते सुमारे 22 लाख 80 हजार. त्यांचे 6 टक्के म्हणजे 1 लाख 37 हजार. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतला परिचर्या कर्मचारीवर्गच लाखाच्या वर होता. त्यात विमानतळांवर तपासणी करणारे मिळवले की 6 टक्के संपले. तुरुंगाचे पहारेकरी, सीमेवरचे जवान, कत्तलखान्यातले मांसनिरीक्षक अजून मोजायचेच आहेत.

व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा ऑगस्ट 2024 चा अहवाल पाहा. तेव्हा 54 टक्के पदांना घरून कामाची मुभाच नव्हती. 10 टक्के, म्हणजे 2 लाख 28 हजार, पूर्ण रिमोट, म्हणजे कार्यालयात न येता काम करणारे होते. ते वगळता ज्यांना मुभा होती, तेही कामाचे 61.2 टक्के तास कार्यालयातच घालवत होते.

‘इमारती ओस पडल्या आहेत’ यात मात्र तेव्हा तथ्य होतं, आणि ते मान्य केलंच पाहिजे. संसदेच्या जीएओ या तपासयंत्रणेला 2023 च्या सुरुवातीला 24 पैकी 17 खात्यांची मुख्यालयं अंदाजे 25 टक्के किंवा त्याहून कमी वापरात आढळली. पण ही पाहणी फक्त मुख्यालयांची होती, आणि बहुतांश कर्मचारी वॉशिंग्टन परिसराबाहेर काम करतात. रिकामी मुख्यालयं विका, भाड्याची सोडा. त्यासाठी खोट्या टक्केवारीची गरज नाही.

दुसरा आरोप: ‘घरी बसून शहराचा भत्ता, म्हणजे महागड्या शहरातल्या कार्यालयासाठीचा वाढीव पगार, लाटतात.’ नियम स्पष्ट आहे: दोन आठवड्यांच्या पगार-कालावधीत निदान दोनदा नेमलेल्या कार्यालयात हजेरी हवी, नाहीतर घराच्या पत्त्यानुसार भत्ता धरायचा. प्रवेशकार्डाची नोंद आणि हजेरीपत्रक ताडून पाहिलं नाही, तर चूक राहून जाते. ती पडताळणी दर पगाराला करावी आणि जादा गेलेले पैसे वसूल करावेत.

तिसरा दावा: ‘कार्यालयात येण्याची सक्ती फक्त शिस्तीसाठी आहे.’ पण मस्क आणि खर्चकपातीच्या मोहिमेतले त्यांचे तेव्हाचे सहकारी विवेक रामस्वामी यांनी नोव्हेंबर 2024 मध्येच लिहिलं होतं, की पाच दिवसांच्या सक्तीने लोक आपणहून नोकऱ्या सोडतील आणि त्याचं आम्ही स्वागत करू. 20 जानेवारी 2025 ला ट्रम्प यांनी सक्तीचा आदेश काढला. ज्या रिमोट पदांना कार्यालयात टेबलच नेमलेलं नव्हतं, तीही त्यात आली.